पदरमोड 177 पौंडांची: फिलाडेल्फियाच्या सेंट थॉमस चर्चचं प्रकरण

जमेला एकच रक्कम आहे. मृतदेह पुरल्याबद्दल आणि रोग्यांची अंथरुणं पुरल्याबद्दल मिळालेले 233 पौंड 10 शिलिंग 4 पेन्स. खर्चाला दोन रकमा आहेत. ज्यांचे पैसे कुणीच दिले नाहीत अशा शवपेट्या, 33 पौंड. पाच माणसांची मजुरी, तिघांचे प्रत्येकी 70 दिवस आणि दोघांचे प्रत्येकी 63, रोजचे 22 शिलिंग 6 पेन्स, म्हणजे 378 पौंड. एकूण खर्च 411. लोकांकडून येणं 110 पौंड, आणि त्यापुढे शेरा: यातलं फारसं वसूल होईल असं वाटत नाही. शेवटी पदरमोड, 177 पौंड 9 शिलिंग 8 पेन्स.

हा हिशेब फिलाडेल्फियात 1794 च्या जानेवारीत एका पुस्तिकेत छापला गेला. तो मांडणारे दोघे, अ‍ॅबसलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन, जन्माने गुलाम होते. आता मोकळे होते. आदल्या वर्षी शहरात पीतज्वराची साथ आली, तेव्हा 70 दिवस या दोघांनी आणि त्यांच्या माणसांनी रोगी सांभाळले आणि मृतांना मूठमाती दिली. साथ ओसरल्यावर त्यांच्या लोकांवर आळ आला की यांनी रोग्यांना लुबाडलं. त्या आळाला दिलेल्या उत्तराचा हा जमाखर्च. तो छापून सहा महिने होतात न होतात तोच, 17 जुलै 1794 रोजी, जोन्स यांच्या मंडळीचं चर्च उघडलं: आफ्रिकन एपिस्कोपल चर्च ऑफ सेंट थॉमस. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ही पहिली एपिस्कोपल मंडळी. ती आजही फिलाडेल्फियात नांदते आहे.

चर्चचा इतिहास लिहायचा तर आधी इमारत येते, मग मंडळी, मग शेवटच्या प्रकरणात दानधर्म. सेंट थॉमसचा क्रम उलटा आहे. इथे आजारपणाची वर्गणी आधी आली, मग साथीतली सेवा, मग बदनामी, मग बदनामीला उत्तर, आणि या सगळ्यानंतर वेदी आणि बाकं. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडायला हवं.

एपिस्कोपल म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाला धर्मसंस्थेचा प्रमुख मानणं तिथल्या अँग्लिकनांना शक्य नव्हतं, म्हणून 1789 मध्ये फिलाडेल्फियातच जमून त्यांनी आपली स्वतंत्र घटना केली. मुंबईच्या फोर्टातलं 1718 सालचं सेंट थॉमस कॅथेड्रल याच घराण्यातलं. नावही तेच.

वर्गणीची वही

जोन्स यांचा जन्म 1746 चा, डेलावेअरमधल्या ससेक्स काउंटीतला. मालकाच्या घरी येणारे पाहुणे लहान पोराच्या हातावर एखादी पेनी ठेवत. त्या साठवून त्यांनी अक्षरओळखीचं पुस्तक आणि नवा करार विकत घेतला. ते 16 वर्षांचे असताना मालकाने त्यांची आई, पाच भाऊ आणि एक बहीण यांना विकून टाकलं, आणि या एकट्याला बरोबर घेऊन फिलाडेल्फिया गाठलं. तिथे दिवसभर मालकाच्या दुकानात मालाची उचल-ठेव, आणि सवड मिळेल तेव्हा क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी चालवलेल्या रात्रशाळेत गणित आणि लेखन.

1770 मध्ये मेरी नावाच्या गुलाम स्त्रीशी त्यांचं लग्न झालं. पैसे उसने घेऊन, देणग्या मागून, रात्ररात्र काम करून त्यांनी जे पहिलं स्वातंत्र्य विकत घेतलं ते पत्नीचं, स्वतःचं नव्हे. यामागे हिशेब होता. कायद्याने मूल आईच्या दर्जाचं धरलं जाई. आई मोकळी तर लेकरं मोकळी. स्वतःच्या सुटकेसाठी ते मालकाकडे पुन्हापुन्हा अर्ज करत राहिले, आणि ती मिळाली 1784 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी. पुढच्या सगळ्या घटनांत हा माणूस आधी कशावर हक्क सांगतो आणि काय मागे ठेवतो, ते पाहताना मला दर वेळी हा पहिला सौदा आठवतो.

12 एप्रिल 1787 रोजी जोन्स, अ‍ॅलन आणि इतर काही जणांनी फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. तिच्या कागदपत्रांच्या सुरुवातीलाच एक प्रांजळ कबुली आहे. आधी विचार होता एखादी धार्मिक मंडळी काढण्याचा. पण तशी ओढ असलेली माणसं थोडी, आणि जी होती त्यांची मतं जुळेनात. तेव्हा धर्ममत बाजूला ठेवून, नीट वागणाऱ्या आणि दारूपासून दूर राहणाऱ्या माणसांनी आजारपणात एकमेकांना आणि मागे राहिलेल्या विधवा-पोरांना आधार द्यायचा, एवढ्यावर एकमत झालं.

दरमहा वर्गणी एक शिलिंग, चांदीचा. वर्षभर भरल्यावर अडचणीतल्या सभासदाला आठवड्याला 3 शिलिंग 9 पेन्स मिळत. अट इतकीच की ती अडचण त्याने स्वतःच्या बेपर्वाईने ओढवून घेतलेली नसावी. सभासद वारला तर विधवेची सोय, मुलांच्या शिक्षणाचा किंवा एखाद्या धंद्यात उमेदवारीला लावण्याचा खर्च. 1790 मध्ये सोसायटीने शहराकडे गरिबांच्या दफनभूमीचा एक भाग भाड्याने मागितला. आपल्या माणसांच्या अंत्यसंस्काराचा प्रश्न या लोकांनी साथीच्या तीन वर्षं आधीच हाती घेतला होता, हे लक्षात ठेवायला हवं. कारण 1793 मध्ये मदतीला धावले ते कुणी हौशी स्वयंसेवक नव्हते. वर्गणी गोळा करणं, आजाऱ्याच्या घरी जाणं, कुणाला किती द्यायचं ते ठरवणं आणि लिहून ठेवणं, याची सहा वर्षांची घडी बसलेली होती.

गुडघ्यावर असताना

जोन्स आणि अ‍ॅलन दोघेही तेव्हा सेंट जॉर्ज या मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या एका प्रॉटेस्टंट पंथाच्या, चर्चमध्ये जात. अ‍ॅलन यांच्या प्रवचनांमुळे तिथे कृष्णवर्णीयांची संख्या वाढू लागली, तसं त्यांना आधी भिंतीलगत बसवण्यात आलं, आणि मग नव्या सज्जात. त्या सज्जाच्या बांधकामाला या लोकांनीही हातभार लावला होता. एका रविवारी ते वर जाऊन आपल्या समजुतीप्रमाणे बसले. प्रार्थना सुरू झाली, सगळे गुडघ्यावर आले, आणि तेवढ्यात एक विश्वस्त येऊन जोन्स यांना धरून उठवू लागला: इथे गुडघे टेकायचे नाहीत. जोन्स म्हणाले, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता. जोन्स यांनी पुन्हा सांगितलं, प्रार्थना संपू द्या, मग मी उठतो, पुन्हा तुम्हाला त्रास देणार नाही. प्रार्थना संपली आणि सगळे एकदम उठून बाहेर पडले.

अ‍ॅलन यांनी उतारवयात ही आठवण लिहिली तेव्हा साल 1787 सांगितलं. सज्जाच्या बांधकामाच्या नोंदी 1792 कडे बोट दाखवतात. साल कुठलंही धरा, आपली स्वतंत्र जागा हवी हे या दिवसाने पक्कं केलं. जमिनीसाठी आणि बांधकामासाठी पैसे जमवताना त्यांना सगळ्यात मोठा पाठिंबा मिळाला तो डॉक्टर बेंजामिन रश यांचा. रश हे शहरातले नामांकित वैद्य, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक.

छप्पर चढलं त्या आठवड्यात

22 ऑगस्ट 1793. चर्चचं छप्पर चढलं म्हणून शहराबाहेर झाडांच्या सावलीत जेवणावळ झाली. रश यांनी त्या दिवशी पत्नीला लिहिलेल्या पत्रात तिचं वर्णन आहे. आधी गोरे पाहुणे बसले, त्यात बहुतेक सुतार, वाढायला कृष्णवर्णीय. मग कृष्णवर्णीयांची पंगत बसली आणि गोऱ्यांपैकी काहींनी उठून त्यांना वाढलं. रश इतके हेलावले की त्यांनी शुभेच्छा दिली: आफ्रिकन गुलामीची जागा लवकरच सगळीकडे आफ्रिकन चर्च घेवोत.

याच रश यांनी तीन दिवस आधी, 19 ऑगस्टला, नदीकाठच्या वॉटर स्ट्रीटजवळची एक रोगीण पाहून निदान केलं होतं की शहरात पीतज्वर आला आहे. त्या उन्हाळ्यात सेंट डोमिंगोतल्या (आजच्या हैतीतल्या) उठावातून पळालेले सुमारे 2,000 निर्वासित जहाजांनी फिलाडेल्फियात उतरले होते. धक्क्यावर कुजलेल्या कॉफीचा ढीग पडला होता, आणि पुष्कळांनी दोष त्या दुर्गंधीला दिला. डासाचा संशय क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी मांडला तो 1881 मध्ये, आणि तो सिद्ध झाला 1900 मध्ये. 1793 च्या माणसाला एवढंच दिसत होतं की अंग पिवळं पडतं, काळी उलटी होते, आणि काही दिवसांत माणूस जातो.

फिलाडेल्फिया त्या वेळी देशाची राजधानी होती, वस्ती सुमारे 50,000. ज्यांना जमलं ते पळाले. हा आकडा 17,000 ते 20,000 च्या घरात होता. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन 10 सप्टेंबरला बाहेर पडले. महापौर मॅथ्यू क्लार्कसन मात्र जागचे हलले नाहीत. नवऱ्याने बायकोला आणि पोरांनी आईबापांना सोडून जाण्याचे प्रकार घडत होते. प्रेताला खांदा द्यायला माणूस मिळत नव्हता. नोव्हेंबरपर्यंत सुमारे 5,000 माणसं गेली, म्हणजे दहातला एक.

सप्टेंबरच्या सुरुवातीला रश यांनी वर्तमानपत्रातून कृष्णवर्णीयांना आवाहन केलं की शुश्रूषेसाठी पुढे या. त्याला आधार होता एका जुन्या वैद्यकीय समजुतीचा: चार्ल्सटनच्या साथीत कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही असं एका वैद्याने लिहून ठेवलं होतं. रश यांचा हेतू चांगला होता हे मी मान्य करतो. या सेवेने तुमच्या लोकांविषयीचा आदर वाढेल असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण समजूत खोटी होती, आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली. पुस्तिकेत जोन्स आणि अ‍ॅलन यांनी शहराच्या मृत्युनोंदींतले दोन आकडे शेजारी ठेवले आहेत: 1792 मध्ये पुरलेले कृष्णवर्णीय 67, आणि 1793 मध्ये 305. अ‍ॅलन यांना स्वतःला ताप आला आणि ते कसेबसे वाचले.

पण ते गेले ते केवळ रश यांनी सांगितलं म्हणून नव्हे. 5 सप्टेंबरच्या सुमारास सोसायटीतले लोक जमले, काय करावं यावर बोलले, आणि आपल्याला दुःखात असलेल्या माणसांना जमेल तेवढं उपयोगी पडायला हवं असं त्यांनी ठरवलं. मग जोन्स आणि अ‍ॅलन आधी स्वतः पाहायला निघाले. पहिलं घर एम्सली गल्लीतलं. आत एक पुरुष मरणाला टेकलेला, बायको आधीच गेलेली, आणि जवळ दोन असहाय लेकरं. त्या एका दिवसात त्यांनी वीसेक घरं पाहिली. दुसऱ्या दिवशी ते महापौरांकडे गेले आणि विचारलं, आमचा जास्तीत जास्त उपयोग कुठे होईल? क्लार्कसन यांनी वर्तमानपत्रात जाहीर केलं की परिचारक हवे असतील तर या दोघांकडे मागणी करा.

तिथून काम वाढत गेलं. परिचारक पुरवणं, शवपेट्या आणि गाडे मिळवणं, पाच माणसं मजुरीने लावून रात्रंदिवस प्रेतं उचलणं, अनाथ झालेल्या मुलांना ओळखीच्या घरी पोचवणं. एका घरात आई मेलेली आणि मूल म्हणतंय, आई झोपलीय, तिला उठवू नका; त्याला काय सांगावं ते सुचेना, असं त्यांनी लिहिलं आहे. वैद्य कमी पडू लागले तेव्हा रश यांनी या दोघांना शीर उघडून रक्त काढायला शिकवलं. त्यांनी 800 हून जास्त लोकांचं रक्त काढलं, आणि या रक्त काढण्याबद्दल दीड डॉलरसुद्धा हाती आला नाही.

हे रक्त काढणं अपायकारक होतं, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तापाने खंगलेल्या शरीरातून रश यांच्या पद्धतीने रक्त काढलं की रोगी आणखी ढासळे. बुश हिलच्या रुग्णालयात फ्रेंच वैद्य जाँ देव्हेझ यांचा सौम्य उपचार त्याच वेळी सुरू होता, आणि वैद्यांमध्ये या मुद्द्यावर उघड भांडण चालू होतं. जोन्स आणि अ‍ॅलन यांनी शहरातल्या सर्वांत मोठ्या वैद्याचं ऐकलं. त्यांची निष्ठा खरी होती आणि उपचार चुकीचा होता. दोन्ही नोंदी एकाच वहीत राहतील.

आळ

नोव्हेंबरमध्ये प्रकाशक मॅथ्यू केरी यांची साथीवरची पुस्तिका निघाली आणि हातोहात खपली, आवृत्तीमागून आवृत्ती. तिच्यात जोन्स आणि अ‍ॅलन यांची नाव घेऊन स्तुती होती. त्याच परिच्छेदात म्हटलं होतं की कृष्णवर्णीयांपैकी हलकट लोकांनी परिस्थितीचा फायदा घेतला, एका रात्रीच्या शुश्रूषेचे दोन, तीन, चार, पाच डॉलर उकळले, आणि काहींनी घरंही लुटली.

दोन पुढाऱ्यांना वेगळं काढून शाबासकी द्यायची आणि बाकीच्या शेकडो माणसांवर डाग ठेवायचा. जोन्स आणि अ‍ॅलन यांना ही शाबासकी घेऊन गप्प बसता आलं असतं. चर्चचं बांधकाम अर्धवट होतं, देणगीदार गोरे होते, आणि केरी वजनदार माणूस. त्यांनी शाबासकी नाकारली. पुस्तिकेत त्यांनी स्पष्ट लिहिलं की आम्हा दोघांची नावं घेऊन बाकीच्यांची घेतली नाहीत, तर वाचणारा बाकी सगळ्यांना त्या हलकटांतच मोजेल. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोठा वाटतो तो हा निर्णय.

मजुरीच्या दराबद्दलचं त्यांचं उत्तर आजही धडधडीत बरोबर वाटतं. सुरुवातीला परिचारक कमी दरात काम करत होते. मग धास्तावलेले श्रीमंत लोक एकमेकांवर चढाओढीने बोली लावू लागले. एका घरी कामाला लागलेल्या माणसाला दुसरा दुप्पट देऊन ओढून नेई. महापौरांनी दोघांना बोलावून सांगितलं की दर खाली आणा. त्यांनी कारण सांगितलं, आणि मग महापौरांनाही पटलं की असा प्रयत्न करून उपयोग नाही. आपणहून देऊ केलेला जास्त पैसा गरीब माणसाने, तोही जिवावर उदार होऊन काम करताना, का नाकारावा? आणि केरी? साथीच्या ऐन मध्यात ते स्वतः शहर सोडून गेले होते; त्यांना या पुस्तिकेतून मिळालेला पैसा डझनभर लुबाडणाऱ्या परिचारकांच्या कमाईहून जास्त असेल, असं या दोघांनी छापून टाकलं. चोऱ्या गोऱ्यांनीही केल्या, त्याही त्यांनी मांडल्या.

मग त्यांनी माणसं उभी केली. सॅम्पसन नावाचा एक गरीब माणूस घरोघर जाऊन विनामोबदला मदत करत राहिला, शेवटी तापाने गेला. तो गेल्यावर ज्यांची त्याने सेवा केली त्यांनी त्याच्या कुटुंबाकडे ढुंकून पाहिलं नाही. मेरी स्कॉट यांनी एका घरी दिवसाला अर्धा डॉलर एवढंच घेतलं. त्या घरच्यांनी पुढे त्यांना वर्षाला सहा पौंडांचं तहहयात वेतन लावून दिलं. सीझर क्रँचल म्हणाले, मी माझा जीव पैशासाठी विकणार नाही. ते हगवणीने गेले, असं सांगतात. एका वृद्ध बाईंना बरा झालेल्या रोग्याने विचारलं, तुमचं काय द्यायचं? त्या म्हणाल्या, कडाक्याच्या थंडीत एक दिवस जेवायला घाला, मालक.

आणि मग तो जमाखर्च. मी त्याची बेरीज-वजाबाकी बसून करून पाहिली. तीन माणसांचे 70 दिवस म्हणजे 210, दोघांचे 63 म्हणजे 126, एकूण 336. गुणिले 22 शिलिंग 6 पेन्स, बरोबर 378 पौंड. त्यात शवपेट्यांचे 33 मिळवले की 411. त्यातून 233 पौंड 10 शिलिंग 4 पेन्स वजा केले की बाकी पेन्सापर्यंत जुळते. पेनसिल्व्हेनियाच्या चलनात तेव्हा 7 शिलिंग 6 पेन्सचा एक डॉलर. म्हणजे या पाच माणसांना रोजचे तीन डॉलर पक्के मिळाले. स्वतःचा एक दिवसही पुढाऱ्यांनी लावलेला नाही. शववाहिन्यांचा खर्च, 70 दिवस स्वतःचं घर चालवण्याचा खर्च, मजुरांचं जेवणखाण, गरीब कुटुंबांना अधूनमधून दिलेली मदत, हे सगळं हक्काने धरता आलं असतं असं ते म्हणतात आणि बाहेर ठेवतात. कित्येक शे गरीब आणि परके लोक पुरले, त्याचे पैसे कधी मिळाले नाहीत आणि मागितलेही नाहीत.

सामाजिक कामात दोन प्रकारची माणसं भेटतात: सेवेचा हिशेब ठेवणं कमीपणाचं मानणारी, आणि सेवेच्या नावाखाली काम करणाऱ्याला मजुरी न देणारी. जोन्स आणि अ‍ॅलन यांनी दोन्ही टाळलं. ज्याने मजुरीवर जीव धोक्यात घातला त्याला बाजारभावाने पैसे दिले, तूट स्वतःच्या अंगावर घेतली, आणि आळ आला तेव्हा वही उघडून दाखवली. पुस्तिकेला महापौर क्लार्कसन यांनी 23 जानेवारी 1794 रोजी प्रशस्तिपत्र दिलं: मी जवळजवळ रोज यांचं काम पाहिलं, त्यातली तत्परता आणि सभ्यता पाहून मला समाधान वाटलं.

चर्च उघडतं

आता बांधलेल्या चर्चचा पंथ कोणता, हा प्रश्न होता. मतदान झालं. मेथडिस्ट राहावं असं म्हणणारे दोघेच निघाले, जोन्स आणि अ‍ॅलन; सेंट जॉर्जमधला अपमान बाकीचे विसरायला तयार नव्हते. बहुमत एपिस्कोपल चर्चच्या बाजूने गेलं. पाळक व्हा म्हणून आधी अ‍ॅलन यांना विचारलं. मी मेथडिस्टच राहणार, असं म्हणून त्यांनी नकार दिला आणि आपलं बेथेल चर्च 29 जुलैला वेगळं उघडलं. जोन्स यांनी मतदान हरूनही मंडळीचा कौल मानला. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

17 जुलैच्या उद्घाटनाला प्रवचन एका गोऱ्या धर्मगुरूंनी, सॅम्युअल मॅगॉ यांनी दिलं. अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे, हे यशयाचं वचन त्यांनी घेतलं आणि नव्या मंडळीला कृतज्ञ आणि नम्र राहण्याचा उपदेश केला. मंडळीने आपलं निवेदन ऑगस्टमध्ये काढलं. त्याचा सूर वेगळा आहे. धुळीतून उठायचं, अंग झटकायचं, आणि गुलामीच्या सवयीने अंगी भिनवलेली लाचार भीती फेकून द्यायची, असं त्यात म्हटलं आहे.

एपिस्कोपल चर्चमध्ये सामील होताना त्यांनी तीन अटी घातल्या. एक संघटित मंडळी म्हणून आम्हाला घ्या. आमच्या कारभाराचा ताबा कायम आमच्याकडे राहील. आणि जोन्स यांना उपासना चालवण्याची परवानगी, पात्र ठरल्यास दीक्षाही. बिशप विल्यम व्हाइट यांनी मान्य केलं. पण दीक्षेसाठी ग्रीक आणि लॅटिन येणं आवश्यक होतं. 1795 मध्ये जोन्स यांना त्यातून सूट मिळाली, आणि त्या ठरावाला एक शेपूट जोडलं गेलं: या चर्चला प्रांताच्या अधिवेशनात पाळक किंवा प्रतिनिधी पाठवता येणार नाही. जोन्स त्याच वर्षी डीकन (दीक्षेची पहिली पायरी) झाले आणि पुढे प्रीस्ट, एपिस्कोपल चर्चमधले पहिले कृष्णवर्णीय.

साथीतल्या सेवेला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. सेवेने आदर मिळवून दिला, असं हे प्रकरण सांगितलं जातं तेव्हा मला ते पटत नाही. घटनाक्रम पाहिला तर सेवेनंतर आधी आळ आला आणि मग मताधिकार नसलेलं सदस्यत्व. जोन्स यांनी ते का स्वीकारलं? मला इथे पत्नीच्या स्वातंत्र्याचा तो पहिला सौदाच दिसतो. इमारत, जमीन, विश्वस्त निवडण्याचा हक्क आणि पाळक हे हातात घेतलं, म्हणजे पुढची पिढी स्वतःच्या छपराखाली वाढेल. अधिवेशनातली खुर्ची मागे ठेवली. सेंट जॉर्जसारखं कुणी येऊन गुडघ्यावरून उठवणार नाही, एवढं पक्कं झालं. किंमत मोठी होती, आणि ती किती काळ मोजावी लागेल हे तेव्हा कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

त्या छपराखालून

वर्षभरात मंडळी चारशेवर गेली. शाळा सुरू झाली, आणि विधवा, आजारी, गरजू यांच्यासाठी परस्पर-साहाय्य मंडळं निघाली. त्यातली काही स्त्रियांची होती. जहाजांच्या शिडांचे कारखानदार जेम्स फोर्टन हे याच चर्चचे. 1814 मध्ये इंग्रज फौज फिलाडेल्फियावर येईल या भीतीने शहर हादरलं, तेव्हा जोन्स, अ‍ॅलन आणि फोर्टन यांच्या हाकेवर सुमारे 2,500 कृष्णवर्णीय संरक्षणाचे बुरूज बांधायला गेले.

पण या मंडळीच्या समाजसेवेत मी अर्जही धरतो. 30 डिसेंबर 1799 रोजी जोन्स आणि आणखी सत्तरएक जणांनी संसदेला अर्ज लिहिला: मोकळ्या माणसांना पळवून नेऊन दक्षिणेत विकलं जातंय ते थांबवा, 1793 चा पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कायदा बदला, आणि हळूहळू का होईना गुलामी संपवण्याच्या वाटेला लागा. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी खूण केली. प्रतिनिधीगृहाने 85 विरुद्ध 1 मताने अशा मागण्यांना थारा देऊ नये असं ठरवलं. ते एक मत मॅसॅच्युसेट्सच्या जॉर्ज थॅचर यांचं.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या सदाचारी लोकांना. ती अर्पणपत्रिका वाचताना आपल्या मनात बहुधा गोरे मुक्तिवादी येतात. त्यांच्या शेजारी फिलाडेल्फियातल्या त्या सत्तरएक सह्या आणि खुणाही असायला हव्यात. आणि 10 मार्च 1897 रोजी पुण्याच्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, हे ज्यांच्या मनात आहे त्यांना एम्सली गल्लीतलं ते घर वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

1 जानेवारी 1808 ला अमेरिकेत गुलामांची आयात कायद्याने बंद झाली. त्या सकाळी सेंट थॉमसमध्ये जोन्स यांनी प्रवचन दिलं. मिसरमधल्या आपल्या लोकांचं दुःख देवाने पाहिलं आणि तो खाली उतरला, हे निर्गमचं वचन त्यांनी घेतलं. हा दिवस दर वर्षी पाळा, असं ते म्हणाले. पुढे मुलं विचारतील की आजच्या या स्तोत्रांचा आणि प्रार्थनांचा अर्थ काय, तेव्हा त्यांना आपल्या लोकांनी काय सोसलं आणि कसे सुटले ते सांगता आलं पाहिजे.

13 फेब्रुवारी 1818 रोजी जोन्स गेले. एपिस्कोपल चर्च आता दर वर्षी त्या दिवशी त्यांचं स्मरण करतं. मंडळीने त्यानंतर अनेकदा जागा बदलली, आणि आज ती शहराच्या पश्चिमेला ओव्हरब्रुक भागात आहे.

1834 पासून विल्यम डग्लस इथे पाळक होते. सोसायटीच्या 1787 पासूनच्या सभांची इतिवृत्तं, वर्गणीचे नियम, चर्चच्या स्थापनेचे ठराव, हे जुने कागद त्यांनी एकत्र केले आणि 1862 मध्ये पुस्तकरूपाने छापले. सोसायटीविषयी आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे: तो दरमहाचा चांदीचा शिलिंग, आठवड्याचे 3 शिलिंग 9 पेन्स, दफनभूमीचा अर्ज. त्याच वर्षी डग्लस वारले. 1795 च्या ठरावाला जोडलेलं ते शेपूट तेव्हाही तसंच होतं. प्रांताच्या अधिवेशनात सेंट थॉमसचा प्रतिनिधी बसला तो त्यांच्या मागे, यादवी युद्धाच्या त्या दशकात, सुमारे 70 वर्षांनी.